टॉम एल. जॉन्सन, क्लीव्हलँडचे महापौर (१९०१–१९०९): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहराचे महापौर टॉम लॉफ्टिन जॉन्सन यांच्याविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. आरंभी साधी माहिती असून वादाचे आणि अडचणीचे प्रश्न पुढे घेतले आहेत. एकच मजकूर दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी प्रश्नक्रमांकाचा हवाला दिला आहे.

१. टॉम जॉन्सन नेमके कोण होते?

१८ जुलै १८५४ रोजी केंटकी राज्यात जन्मलेले जॉन्सन आधी ट्राम कंपन्यांचे मालक आणि पोलादी रुळांचे कारखानदार होते. १८९१ ते १८९५ या काळात ते अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहाचे सदस्य होते आणि त्यानंतर १९०१ ते १९०९ अशी सलग चार वेळा निवडून येऊन ते क्लीव्हलँडचे महापौर राहिले. पक्षाने ते डेमोक्रॅट होते. ट्रामचे भाडे पाच सेंटवरून तीन सेंटवर आणण्यासाठी त्यांनी दिलेल्या लढ्यामुळे त्यांचे नाव राहिले. मात्र त्या लढ्याचा खरा विषय भाडे नव्हता, तर शहराच्या रस्त्यावर मालकी कोणाची हा होता. १० एप्रिल १९११ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

२. ते गरिबीतून वर आले, असे म्हणतात. ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे. घराणे मुळात खाऊनपिऊन सुखी होते. वडील अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने अधिकारी म्हणून लढले आणि त्या पराभवाबरोबर घरची सुबत्ताही गेली. १८६५ साली युद्ध संपले तेव्हा कुटुंब व्हर्जिनियातील स्टाँटन या गावी होते आणि हातात पैसा नव्हता.

त्या गावाला दिवसातून एकच आगगाडी येत असे. अकरा वर्षांच्या टॉमची त्या गाडीच्या कंडक्टरशी गट्टी जमली आणि कंडक्टरने ठरवून टाकले की या गाडीतून वर्तमानपत्रे आणायची ती फक्त या मुलासाठी, दुसऱ्या कोणासाठीही नाही. गावात दुसरा विक्रेताच नसल्यामुळे रोजचा अंक पंधरा सेंटला आणि सचित्र अंक पंचवीस सेंटला खपू लागला. पाच आठवड्यांत मुलाकडे चांदीची ८८ डॉलरची नाणी जमली. मग कंडक्टरची बदली झाली आणि धंदा त्याच दिवशी बसला. त्या ८८ डॉलरांवर कुटुंबाने लुईव्हिल गाठले. मक्तेदारीचा पहिला धडा आपण तेथे शिकलो, असे जॉन्सन पुढे आयुष्यभर सांगत. नफा कष्टातून किंवा हुशारीतून आला नव्हता, तो वाट अडवून बसल्यामुळे आला होता, हे त्यांना मागे वळून पाहताना स्पष्ट दिसे. शाळेचे शिक्षण मात्र त्यांना फारसे मिळाले नाही.

३. त्यांनी एवढा पैसा कशातून मिळवला?

लुईव्हिलमध्ये ड्यु पॉन्ट घराण्यातील बंधूंची घोड्यांची ट्राम होती. तेथे ते किशोरवयात नोकरीला लागले. याच काळात त्यांनी भाड्याची एक पेटी तयार केली. प्रवाशाने टाकलेले नाणे थेट तळाशी न जाता आधी काचेआड थांबे, सगळ्यांना ते दिसे आणि मगच ते खाली पडे. खोटे नाणे खपवण्याची सोय त्यामुळे राहिली नाही. या पेटीने त्यांना वीस-तीस हजार डॉलर मिळवून दिले. १८७६ साली, बाविशीत, बिडरमन ड्यु पॉन्ट यांच्या कर्जावर त्यांनी इंडियानापोलिसची ट्राम विकत घेतली आणि १८७९ मध्ये ते क्लीव्हलँडच्या ट्रामधंद्यात उतरले.

क्लीव्हलँडमध्ये त्यांची गाठ मार्क हॅना यांच्याशी पडली. हेच हॅना पुढे अध्यक्ष मॅकिन्ली यांचे पाठीराखे म्हणून देशभर गाजले. शहर ओलांडायचे तर तेव्हा दोन कंपन्यांच्या गाड्या बदलून दोनदा भाडे द्यावे लागे. जॉन्सन यांनी एका भाड्यात पूर्व ते पश्चिम प्रवास देऊ केला आणि प्रवासी खेचले. पुढे आर्थर मॉक्सहॅम या भागीदाराबरोबर पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन येथे आणि नंतर ओहायोतील लोरेन येथे त्यांनी ट्रामच्या रुळांचे कारखाने उभारले.

४. मग असा माणूस मक्तेदारीच्या विरोधात कसा गेला?

पुन्हा एका कंडक्टरमुळे. १८८३ च्या सुमारास आगगाडीत पुस्तके विकणाऱ्या मुलाने त्यांच्यापुढे अमेरिकी अर्थविचारक हेन्री जॉर्ज यांचे ‘सोशल प्रॉब्लेम्स’ धरले. नावावरून ते वेश्याव्यवसायावरचे पुस्तक असावे असे समजून त्यांनी नको म्हटले. शेजारी उभ्या असलेल्या कंडक्टरने, आवडले नाही तर मी पैसे परत करीन, असे सांगितल्यावर त्यांनी ते घेतले. पाठोपाठ जॉर्ज यांचे ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ त्यांनी वाचले आणि आपल्या वकिलाला, यातली चूक काढून दाखवा, म्हणून कामाला लावले. चूक काही निघाली नाही.

जॉर्ज यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की जमिनीची किंमत मालकाच्या कष्टाने वाढत नाही, आजूबाजूला वस्ती वाढते म्हणून वाढते. तेव्हा ती वाढ समाजाने करातून परत घ्यावी आणि बाकीचे सगळे कर उठवावेत. ट्रामला रस्ता वापरण्याचा जो परवाना मिळतो, तोही असाच फुकटचा लाभ आहे, हे जॉन्सन यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. १८८५ मध्ये ते जॉर्ज यांना भेटले आणि १८९७ मध्ये जॉर्ज यांचे निधन होईपर्यंत त्यांच्या निवडणुका आणि प्रचार यांसाठी त्यांनी सढळ हाताने पैसा दिला.

५. विचार पटल्यावरही त्यांनी धंदा चालूच ठेवला. हे ढोंग नव्हे काय?

हा आक्षेप त्यांच्या हयातीतही रोज घेतला जाई. त्यांचे उत्तर सरळ होते: कायदा जोवर मक्तेदारी देतो आहे तोवर मी ती घेईन, आणि कायदा बदलावा म्हणून मतही देईन. काँग्रेसमध्ये त्यांनी दुसरा भाग पाळला. स्वतः रुळांचे कारखानदार असूनही पोलादी रुळांवरची आयात जकात रद्द करा, असे ते सभागृहात सांगत. खुल्या व्यापारावरचे हेन्री जॉर्ज यांचे एक अख्खे पुस्तक त्यांनी आणि पाच सहकाऱ्यांनी तुकड्या-तुकड्यांनी सभागृहाच्या कामकाजात दाखल केले आणि सरकारी कामकाजाचा भाग म्हणून ते नाममात्र खर्चात दहा लाखांहून अधिक प्रतींनी देशभर वाटले. १८९० च्या दशकाअखेरीस त्यांनी ट्राम आणि पोलाद या दोन्ही धंद्यांतून अंग काढून घेतले.

माझे मत विचाराल तर ढोंग हा शब्द येथे बसत नाही. पण आधी गडगंज होऊन मग सुधारक होणे सोयीचे होते, हेही नाकारता येत नाही. ते पैशाचे मिंधे नव्हते याचे एक कारण पैसा आधीच गाठीला होता हे आहे. त्या पैशाचे पुढे काय झाले, यासाठी प्रश्न १५ पाहावा.

६. महापौर म्हणजे आपल्याकडच्यासारखे मानाचे पद का?

नाही, आणि हा फरक लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. आपल्याकडे महापालिकेचा कारभार आयुक्त चालवतात, महापौर सभागृहाचे अध्यक्ष असतात. क्लीव्हलँडमध्ये १८९१ पासूनच्या रचनेनुसार महापौर थेट मतदारांनी निवडलेला असे आणि पोलीस, पाणी, बांधकाम, विधी अशा खात्यांचे संचालक तो स्वतः नेमत असे. आपल्याकडची तुलना करायचीच तर महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत बसले आहेत असे समजावे. ही रचना १९०२ मध्ये मोडली. ते प्रश्न १२ मध्ये आले आहे.

७. निवडून येताच त्यांनी घाईघाईने शपथ का घेतली?

१ एप्रिल १९०१ रोजी ते निवडून आले आणि ४ एप्रिलला त्यांनी सूत्रे हाती घेतली. आधीच्या कारभाऱ्यांनी शहरालगतच्या ईरी सरोवराकाठची मोक्याची जमीन रेल्वे कंपन्यांच्या पदरात घालणारा ठराव केला होता आणि त्यावर जॉन्सन यांनीच न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला होता. त्याची मुदत ४ एप्रिलला सकाळी अकरा वाजता संपत होती. मावळत्या महापौरांची सही अकरानंतर केव्हाही झाली असती, म्हणून जॉन्सन यांनी त्याच्या काही मिनिटे आधी शपथ घेऊन जुन्या महापौरांची खुर्चीच रिकामी केली. त्या काठाजवळच्या भागाचा १९०३ मध्ये डॅनियल बर्नहॅम आणि इतर दोन वास्तुविशारदांनी आराखडा केला, आणि सार्वजनिक इमारतींनी वेढलेला तेथील विस्तीर्ण मॉल (म्हणजे मोकळे हिरवे मैदान) आजही त्याच आराखड्याची आठवण आहे.

८. भाडे तीन सेंटच का? पाच सेंटमध्ये काय वाईट होते?

ट्राम चालवायला खरा खर्च किती येतो हे मालक म्हणून त्यांना तोंडपाठ होते. त्यांच्या मते पाच सेंटमधले काही सेंट गाडी, रूळ आणि पगार यांवर खर्चच होत नव्हते. ते फुगवलेल्या भांडवलावरच्या लाभांशात जात होते. कंपनी शंभर डॉलरचे म्हणून जे भागपत्र दाखवी, त्यातला बराचसा भाग म्हणजे नुसता परवाना, म्हणजे शहरानेच दिलेला रस्ता वापरण्याचा हक्क असे. शहराने आपल्याच रस्त्याचे भाडे प्रवाशांकडून कंपनीमार्फत वसूल करून कंपनीलाच द्यावे, असा हा प्रकार होता. १९०८ मध्ये कंपनीशी झालेल्या तडजोडीत शंभर डॉलरच्या भागाची किंमत ५५ डॉलर ठरली, तेव्हा हा हिशेब हवेतला नव्हता हे दिसून आले.

त्यांना खरे तर ट्राम शहराच्याच मालकीची हवी होती. कंपनी शहराचे नगरसेवक आणि न्यायाधीश विकत घेते. तिच्यावर देखरेख ठेवण्यापेक्षा तीच ताब्यात घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. ओहायोच्या कायद्यात मात्र शहराला ट्राम चालवण्याची मुभा नव्हती.

९. पहिली तीन सेंटची गाडी धावायला साडेपाच वर्षे का लागली?

कारण नवी ट्राम टाकायची तर त्या रस्त्यालगतच्या मालमत्तांपैकी निम्म्याहून अधिक दर्शनी लांबीच्या मालकांची लेखी संमती लागे. जॉन्सन यांच्या बाजूची माणसे घरोघर फिरून संमतीच्या सह्या गोळा करत आणि जुन्या कंपनीची माणसे मागाहून जाऊन पैसे देऊन त्या मागे घ्यायला लावत. सह्या जमल्याच तर न्यायालयात मनाई हुकूम तयार असे. अशा पन्नासांहून अधिक मनाई हुकुमांतून हा लढा गेला.

शहराला मालकी नाही, म्हणून जॉन्सन यांनी वळसा घेतला: नफा न घेणारी, विश्वस्तांनी चालवायची एक कंपनी काढायची आणि कायदा बदलताच ती शहराने घ्यायची. १ नोव्हेंबर १९०६ रोजी डेनिसन अॅव्हेन्यूवर तीन सेंटची पहिली गाडी निघाली, तेव्हा चालकाच्या जागी स्वतः महापौर उभे होते. अंगाने चांगले भरदार, चेहऱ्यावर हसू, आणि हात ब्रेकच्या दांड्यावर. धंदा त्यांना हाताने येत होता, हे विरोधकांनाही मान्य करावे लागे. एप्रिल १९०८ मध्ये सगळ्या शहराची ट्राम या नव्या व्यवस्थेकडे आली आणि त्या दिवशी लोकांना मोफत प्रवास घडवण्यात आला. पुढे काय बिनसले, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

१०. ते तंबूत सभा घेत असत, हे खरे आहे का?

खरे आहे. सभागृहाचे भाडे भरावे लागते, आणि सभागृहात येतात तेही ठरावीक लोक. सर्कशीसारखा मोठा तंबू आज या वस्तीत तर उद्या त्या वस्तीत लावता येतो, आणि सभागृहाची पायरी चढायला बिचकणारा कामगारही तंबूत डोकावतो. भाषण आटोपशीर असे. खरा रंग नंतरच्या प्रश्नोत्तरांत भरे. आडवेतिडवे प्रश्न विचारणाऱ्याला ते पुढे बोलावून घेत, त्याचे म्हणणे सगळ्यांना ऐकू येईल असे पाहत आणि मग उत्तर देत. १९०३ मध्ये ते राज्यपालपदासाठी उभे राहिले तेव्हा आपल्या लाल मोटारीतून ओहायोभर फिरले. ती निवडणूक ते मोठ्या फरकाने हरले. खेड्यांतल्या मतदाराला ट्रामच्या भाड्याचे सोयरसुतक नव्हते.

११. ट्राम सोडून त्यांनी शहरासाठी काय केले?

बरेच काही, आणि माझ्या मते त्यांचे टिकाऊ काम हेच आहे. उद्यानांतल्या ‘गवतावर चालू नये’ अशा पाट्या त्यांनी काढायला लावल्या, मुलांसाठी क्रीडांगणे आणि गरीब वस्त्यांत सार्वजनिक स्नानगृहे उभारली. पाणीपुरवठ्यावर त्यांनी एडवर्ड बेमिस या प्राध्यापकांना आणून बसवले. बेमिस यांनी पक्षाच्या कार्यकर्त्यांना चिकटवून देण्याची पद्धत बंद केली आणि घरोघर पाण्याचे मीटर बसवले. त्यावर जॉन्सन यांच्याच पक्षातले लोक सर्वाधिक चिडले.

धर्मादाय आणि तुरुंग खात्याचे प्रमुख हॅरिस कूली हे जॉन्सन यांच्या चर्चचे धर्मोपदेशक होते. दंड भरायला पैसे नाहीत एवढ्याचसाठी कोंडून ठेवलेल्या शेकडो माणसांची त्यांनी सुटका केली आणि वॉरन्सव्हिल येथे सुमारे दोन हजार एकरांवर वृद्धाश्रम, क्षयरुग्णालय आणि कैद्यांची शेती अशी वसाहत उभी केली. जुगाराच्या अड्ड्यांवर छापे घालण्याऐवजी दारात एक गणवेशातला शिपाई उभा करायचा आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव-पत्ता वहीत लिहून घ्यायचा, अशी जॉन्सन यांची पद्धत होती. गिऱ्हाईक आपोआप आटले. किरकोळ गुन्ह्यात माणसाला कोठडीत न टाकता समज देऊन घरी पाठवण्याचे पोलीसप्रमुख कोहलर यांचे धोरण १९०८ मध्ये सुरू झाले आणि एका वर्षात अटकांची संख्या तृतीयांशाच्या आसपास आली.

करआकारणीचेही येथेच सांगतो. पीटर विट या सहकाऱ्याच्या हाताखाली त्यांनी एक ‘करशाळा’ काढली. शहरातल्या जमिनींचे भाव नकाशांवर मांडून कोणत्या बड्या मालमत्तेवर किती कमी कर लागतो, हे लोकांना समोर बसवून दाखवले जाई. न्यायालयाने त्यावरचा खर्च थांबवला आणि शाळा बंद पडली.

१२. त्यांच्या मागण्यांत ‘होमरूल’ येते. टिळकांच्या होमरूल चळवळीशी त्याचा संबंध आहे काय?

शब्द एकच, विषय वेगळा. टिळकांची होमरूल लीग १९१६ ची आणि मागणी देशाच्या स्वराज्याची. क्लीव्हलँडच्या होमरूलचा अर्थ इतकाच की शहराने आपला कारभार कसा चालवावा हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवू नये. ओहायोच्या विधिमंडळात ग्रामीण प्रतिनिधींचे आणि रिपब्लिकन पक्षाचे वर्चस्व होते. १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहरांच्या वेगवेगळ्या रचना घटनाबाह्य ठरवल्या आणि विधिमंडळाने सर्वांना एकच संहिता लावली. प्रश्न ६ मध्ये सांगितलेले, खातेप्रमुख नेमण्याचे महापौरांचे अधिकार तिने बरेचसे काढून घेतले. ती खाती आता निवडणुकीने भरायची होती, तर जॉन्सन यांनी १९०३ मध्ये आपली माणसे निवडणुकीतून बसवली. ओहायोतील शहरांना घटनेने स्वशासन मिळाले ते १९१२ मध्ये, जॉन्सन यांच्या मृत्यूनंतर.

१३. ‘गोल्डन रूल’ महापौर म्हणतात ते हेच का?

नाही. ‘गोल्डन रूल’ म्हणजे दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्याच्याशी वागावे, हा नियम. त्या नावाने ओळखले जाणारे महापौर म्हणजे सॅम्युएल जोन्स, ओहायोतल्याच टोलेडो शहराचे, १८९७ पासून १९०४ मध्ये निधन होईपर्यंत महापौर. दोघेही सुधारक कारखानदार होते आणि आडनावेही जुळती आहेत, त्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो. कोहलर यांच्या धोरणालाही (प्रश्न ११) तेच नाव होते, हे आणखी एक कारण.

१४. एवढे करूनही १९०९ मध्ये ते हरले कसे?

हार खरे तर १९०८ मध्येच झाली. संपूर्ण ट्राम हाती आली ती १९०७ च्या मंदीनंतर लगेच, म्हणजे पैशाची सर्वत्र ओढ असताना. खर्च भागवण्यासाठी फेऱ्या कमी केल्या, मार्ग बदलले. रोजच्या थांब्यावर गाडी न मिळालेला माणूस तीन सेंटचे कौतुक करत नाही. मे १९०८ मध्ये कामगारांचा संप झाला. जुन्या कंपनीने दिलेले पगारवाढीचे आश्वासन आणि ज्येष्ठतेचा वाद हे त्याचे मूळ होते. त्यात हिंसाचार झाला आणि संप फसला, पण कामगार दुरावले ते दुरावले. विरोधकांनी सह्या गोळा करून सार्वमत मागितले आणि ऑक्टोबर १९०८ मध्ये अवघ्या ६०५ मतांनी नवा परवाना रद्द झाला. ट्राम न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे, म्हणजे तात्पुरत्या कारभाऱ्याकडे, गेली.

१९०७ मध्ये काँग्रेस सदस्य थिओडोर बर्टन यांच्यासारखा मातब्बर उमेदवार पाडणारे जॉन्सन १९०९ मध्ये हर्मन बेर या त्या मानाने अपरिचित उमेदवाराकडून पराभूत झाले. लोक नऊ वर्षांच्या भांडणाला कंटाळले होते. सात वर्षे थांबलेल्या माणसाने सगळी ट्राम एकदम न घेता आणखी सहा महिने थांबायला हवे होते, असे मला वाटते. दुरुस्त गाड्या आणि समाधानी कामगार यांच्याशिवाय हे तीन सेंट टिकणारे नव्हते, आणि हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळायला हवे होते?

१५. शेवटी त्यांची संपत्ती कुठे गेली?

१९०८ अखेरीस त्यांनी जाहीर केले की आपली मालमत्ता संपली आहे आणि आपण युक्लिड अॅव्हेन्यूवरचा वाडा सोडून लहान घरात जात आहोत. धाकटा भाऊ अल्बर्ट १९०१ मध्ये वारला. त्याच्या व्यवसायाचे गुंते सोडवण्यात आपला पैसा गेला, असे कारण त्यांनी दिले. शिवाय आठ वर्षे त्यांनी स्वतःच्या धंद्याकडे पाहिलेच नव्हते. प्रकृती ढासळलेली असताना अखेरच्या महिन्यांत त्यांनी आपले आत्मकथन सांगून लिहवून घेतले. ब्रुकलिनमधील ग्रीन-वुड दफनभूमीत हेन्री जॉर्ज यांच्या जवळच त्यांचे दफन झाले.

१६. अमेरिकेतले सर्वोत्तम महापौर, असे त्यांना कोणी म्हटले?

शहरांच्या भ्रष्ट कारभाराची लक्तरे काढणारे पत्रकार लिंकन स्टेफन्स यांनी १९०५ मध्ये. क्लीव्हलँड हे अमेरिकेतले सर्वोत्तम कारभाराचे शहर आणि जॉन्सन हे सर्वोत्तम महापौर, असा त्यांचा निर्वाळा होता. १९९३ मध्ये अमेरिकी इतिहासकारांच्या एका सर्वेक्षणात न्यूयॉर्कचे ला गार्डिया पहिले आणि जॉन्सन दुसरे आले. हाताखालची माणसेही पुढे नावारूपाला आली: त्यांचे विधी सल्लागार न्यूटन बेकर १९१२ मध्ये शहराचे महापौर आणि १९१६ मध्ये देशाचे युद्धमंत्री झाले.

१७. तीन सेंटचे भाडे आणि महापालिकेची वीज ही त्यांचीच देणगी ना?

येथे तारखा पाहाव्यात. न्यायाधीश टेलर यांच्या मध्यस्थीने झालेला करार फेब्रुवारी १९१० मध्ये मतदारांनी मंजूर केला: ट्राम खासगी कंपनीकडेच राहील, भागधारकांना सहा टक्क्यांहून अधिक मिळणार नाही, शहराचा अधिकारी देखरेख ठेवील आणि भाडे तीन सेंटपासून सुरू होऊन खर्चाप्रमाणे वरखाली होईल. जॉन्सन तेव्हा पदावर नव्हते, आणि मालकी नाही म्हणून हा करार त्यांना अपुराच वाटत होता. ट्राम शहराच्या मालकीची झाली ती १९४२ मध्ये. मुंबई महापालिकेने बेस्ट ताब्यात घेतली ऑगस्ट १९४७ मध्ये, म्हणजे त्यानंतर पाचच वर्षांनी.

विजेचे असे की साउथ ब्रुकलिन हे शेजारचे गाव जोडून घेताना तेथले छोटे वीजकेंद्र १९०५ मध्ये शहराकडे आले. मोठे केंद्र १९१४ मध्ये बेकर यांनी चालू केले. क्लीव्हलँडच्या पब्लिक स्क्वेअर चौकातल्या जॉन्सन यांच्या पुतळ्याच्या हाती मात्र ट्रामचा दांडा नाही आणि विजेचा दिवाही नाही. ते बसलेले आहेत आणि त्यांच्या हातात ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ आहे.